पाणबुडीवरच्या नौसैनिकाच्या युद्धसेवेची नोंद कशी करावी

1971 च्या युद्धात आपल्या नौदलाकडे चारच पाणबुड्या होत्या: कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा. पहिली, कलवरी, 8 डिसेंबर 1967 रोजी सोव्हिएत संघातील रीगा येथे नौदलात दाखल झाली होती आणि प्रत्येकीवर साधारण पंच्याहत्तर माणसे असत. त्या युद्धातले पाणबुडीवाले मुळातच मोजके, आणि आज बहुतेकांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली आहे. ठाण्यात, वाशीत किंवा नेरूळमध्ये तुमच्या घरी अथवा सोसायटीत असे कोणी असतील, तर त्यांची हकीकत टिपून घेण्याचे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

सुरुवात युद्धापासून करू नये. कोपरीत राहणाऱ्या माझ्या मामांसमोर मी पहिल्याच दिवशी रेकॉर्डर ठेवून "मामा, टॉर्पेडो सोडला होता का?" असे विचारले आणि ते "गस्तीवर होतो" एवढेच म्हणून गप्प झाले. पुढच्या रविवारी मी फक्त "तुम्ही झोपायचात कुठे?" असे विचारले. त्यांनी टीपॉयवरचे विजेचे बिल उलटे केले, पेन्सिलीने लांबट आकार काढला आणि त्याचे सात कप्पे पाडले: पुढे टॉर्पेडो, मग अधिकाऱ्यांची जागा, तिसऱ्यात कंट्रोल रूम, चौथ्यात पुन्हा राहण्याची जागा, पाचव्यात डिझेल इंजिने, सहाव्यात विजेच्या मोटारी आणि शेवटी मागचे टॉर्पेडो. सातव्या कप्प्यात त्यांनी एक बारीक फुली मारली आणि त्यानंतर दोन तास ते बोलत राहिले. म्हणून कोरा कागद आणि पेन्सिल आधी पुढे करावी, रेकॉर्डर नंतर. ते चित्रही जपून ठेवावे, कारण आठवणी त्या कप्प्यांतच राहतात.

नकाशा झाला की दिनक्रमाकडे वळावे. डिझेल इंजिनाला हवा लागते, त्यामुळे ते पाण्यावर असताना किंवा स्नॉर्केलची नळी वर काढूनच चालवता येते. खोल पाण्यात सगळी भिस्त बॅटरीवर असते, आणि बॅटरी भरून घ्यायला पुन्हा वर यावे लागते. हे तुम्हाला ठाऊक असेल तर प्रश्न आपोआप नेमके होतात. बॅटरी रात्री भरत होता का? त्या वेळी तुमचा वॉच, म्हणजे कामाची पाळी, कोणता? गोडे पाणी किती मिळायचे? कपड्यांचा डिझेलचा वास घरी आल्यावर किती दिवस टिकायचा? आवाज बंद ठेवण्याचा हुकूम आला की हातातला पाना कुठे ठेवायचात? पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण व्लादिवोस्तोकला झाले होते, तेव्हा यंत्रांवरचे कोणते रशियन शब्द अजून आठवतात, हेही विचारावे. मामांचा चेहरा या प्रश्नाला जितका खुलला तितका दुसऱ्या कशालाच नाही.

9 डिसेंबर 1971 बद्दल मात्र हळुवारपणे विचारावे. त्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आपली युद्धनौका खुकरी बुडवली. तिच्यासोबत कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. स्वतः पाणबुडीवर असलेल्या माणसाला टॉर्पेडो म्हणजे काय हे दोन्ही बाजूंनी कळत असते. ते थांबले तर आपणही थांबावे आणि ती शांतता रेकॉर्डिंगमधून कापून टाकू नये. एखादी गोष्ट "सांगण्यासारखी नाही" असे ते म्हणाले, तर गोपनीयतेच्या शपथेचा मान राखून तो विषय तिथेच सोडावा.

तारखा स्मरणावर सोडू नयेत. पन्नास वर्षांत नोव्हेंबरचा डिसेंबर होतो, आणि त्यात सांगणाऱ्याचा काही दोष नसतो. सेवा प्रमाणपत्र, पेन्शनची कागदपत्रे आणि पदके टेबलावर मांडावीत. पश्चिमी स्टार असेल तर सेवा पश्चिम आघाडीची, पूर्वी स्टार असेल तर पूर्वेची. पदकाची कड उजेडात धरून बारकाईने पाहिली, तर तिच्यावर बहुधा सेवा क्रमांक आणि नाव कोरलेले सापडते. कागद गहाळ झाले असतील तर नौसैनिकांच्या नोंदी सांभाळणारे ब्युरो ऑफ सेलर्स मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये, म्हणजे वाशीच्या खाडीपलीकडेच आहे. तिथे नौसैनिकाने स्वतःच्या सहीने, सेवा क्रमांक घालून अर्ज करणे सोयीचे पडते. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही मार्गदर्शन मिळते.

प्रकृती साथ देत असेल तर त्यांना विशाखापट्टणमला घेऊन जावे. 2001 मध्ये निवृत्त झालेली कुरसुरा तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे आणि तिच्या आतून चालत जाता येते. तिथे प्रश्न विचारू नयेत, फक्त त्यांच्या मागे चालावे. हात आपोआप कुठल्या झडपेकडे जातो ते पाहावे आणि बाहेर आल्यावर लिहून काढावे.

मजकूर तयार झाला की मोठ्या अक्षरांत छापून त्यांना वाचायला द्यावा, दुरुस्त्या त्यांच्याच हस्ताक्षरात करून घ्याव्यात आणि शेवटच्या पानावर तारखेसह त्यांची सही घ्यावी.