मॅन्युअल गाडीचा ड्रॅग लाँच: पहिले अठरा मीटर

पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ ड्रॅग शर्यतीत नवशिक्यांचं सगळं लक्ष गिअर बदलण्यावर आणि शेवटच्या वेगावर असतं. वेळ वाया जातो तो मात्र लाँचमध्ये, म्हणजे उभी गाडी सुटते तिथे: पहिल्या ६० फुटांत, साधारण १८ मीटरमध्ये. तिथे सेकंदाचा एक दशांश वाचला तर शेवटच्या वेळेत दीड-दोन दशांशांचा फरक दिसतो, कारण उरलेलं सगळं अंतर गाडी त्या जास्तीच्या वेगानं कापते.

उदाहरणाला पुढच्या चाकांवर चालणारी, साध्या रोड टायरची हॅचबॅक घेऊ. पोलो १.० टीएसआय मॅन्युअल, किंवा तिच्या जवळपासची कुठलीही. आपल्याकडे पहिल्यांदा स्ट्रिपवर (शर्यतीच्या पट्टीवर) येणाऱ्याच्या हातात बहुधा अशीच गाडी असते.

आधी थोडा हिशेब. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह (गिअरनंतरची शेवटची दातचक्रं) यांचं एकत्र गुणोत्तर १३.५ धरा आणि टायर १८५/६० आर १५. क्लच पूर्ण लागलेला असेल तर ३,००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला तितक्या फेऱ्यांना) गाडी ताशी २५ किलोमीटरनं धावते. पण हिरवा दिवा लागतो तेव्हा गाडी उभी असते. ही तफावत कुठेतरी जिरवावीच लागते: क्लच घसरतो, टायर जागेवर फिरतात, नाहीतर आरपीएम कोसळतात. चौथी शक्यता ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटण्याची. कोणाच्या वाट्याला किती द्यायचं ते डावा पाय ठरवतो, आणि लाँच शिकायचा म्हणजे तेवढंच शिकायचं.

क्लचच्या वाट्याला किती येतं? आरपीएम स्थिर ठेवून क्लच पूर्ण लागेपर्यंत घसरवला, तर त्या वेगाला गाडीत जितकी गतिज ऊर्जा असते तितकीच उष्णता क्लचमध्ये जिरते. चालकासह ११५० किलोच्या गाडीत ३,००० आरपीएमला ती सुमारे २८ किलोज्यूल, ४,५०० ला सुमारे ६३. आरपीएम दीडपट, उष्णता सव्वादोनपट. ‘थोडे जास्त रेव्ह देऊन बघू’ म्हणताना हा आकडा डोक्यात असू द्या.

टायरच्या वाट्याला किती येईल हे जमीन ठरवते. अमेरिकेतल्या व्हिडिओत दिसणाऱ्या स्ट्रिपवर चिकट रसायन फवारलेलं असतं, वर रबराचा थर बसलेला असतो. आपल्याकडे ड्रॅग शर्यती बऱ्याचदा विमानांच्या धावपट्टीवर होतात. लोणावळ्याजवळची ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. तिथे डांबर, धूळ आणि बारीक खडी. त्या व्हिडिओतले आरपीएम इथे वापरले तर नुसता धूर निघतो. त्यात पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळंच: गाडी जोरात सुटली की भार मागे सरकतो. ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट) प्रवेगाला अशा हॅचबॅकच्या पुढच्या चाकांवरून साधारण १०० किलो भार कमी होतो, आणि नेमकी तीच चाकं ओढत असतात.

म्हणून तयारी मुख्यतः पुढच्या टायरची. थंड टायरमध्ये पुढे २६ ते २८ पीएसआय हवा ठेवा, मागे ३६ ते ३८. पुढची हवा २४ च्या खाली नेऊ नका. रेडियल टायरची बाजू लचकते, स्टिअरिंग सैल होतं आणि ताशी सव्वाशेच्या वेगाला ते धोक्याचं आहे. परतीच्या रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा नेहमीइतकी भरा. डिकी रिकामी करा, स्टेपनी काढा. पेट्रोल पाव टाकी ठेवा, त्याहून कमी नको, कारण झटक्यासरशी पेट्रोल मागे सरकलं की पंपाला हवा लागू शकते. एसी बंद. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर करा, नाहीतर तो ऐन वेळी इंजिनाची ताकद कापेल. इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) जुने असतील तर आधी बदला. चाकं जमिनीवर उड्या मारायला लागतात त्यात मोठा हात त्यांचा असतो. चालकाच्या पायाखालची मॅट काढा, हे शर्यतीआधीच्या छाननीत बघतीलच.

क्लच खरं तर रांगेत जळतो. वीस गाड्यांच्या मागे हाफ क्लचवर सरकत राहिलात तर रेषेवर पोचेपर्यंत क्लचची प्लेट तापलेली असते, आणि तापलेली प्लेट वेगळ्या जागी पकडते. गाडी न्यूट्रलला ठेवा, पाय काढा, जमलं तर मित्राला ढकलायला लावा.

रेषेवर दिव्यांचं झाड (ट्री) असतं. पुढचं चाक रेषेवरच्या आडव्या प्रकाशकिरणात आलं की आधी वरचा प्री-स्टेजचा दिवा लागतो, मग सुमारे १८ सेंटिमीटर पुढे गेल्यावर स्टेजचा. दुसरा दिवा लागताच थांबा, पुढे घुसू नका. पुढचं चाक स्टेजच्या किरणातून बाहेर पडेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही, आणि अलीकडे उभं राहिलं की तेवढीच धाव फुकट मिळते. फुल ट्रीवर तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं लागतात, मग हिरवा. प्रो ट्रीवर तिन्ही एकदम आणि ०.४ सेकंदानं हिरवा. फुल ट्रीवर तिसऱ्या पिवळ्याला सुटायचं. हिरवा बघून सुटलात तर उशीर झालेला असतो. पण तुमची धावेची वेळ प्रतिक्रियेवर अवलंबून नसते. पहिल्या दिवशी दिव्यांशी झुंजू नका, लाँच सुधारा.

आता पाय. हँडब्रेक ओढलेला, स्टिअरिंग अगदी सरळ (वळलेल्या चाकावर झटका बसला की सीव्ही जॉइंट, म्हणजे ड्राइव्हशाफ्टच्या टोकाचा सांधा, जातो). पहिला गिअर, क्लच तळापर्यंत. शेजारची गाडी स्टेज झाल्यावरच रेव्ह चढवा: लहान टर्बो पेट्रोलला २,५०० ते ३,०००, साध्या दीड लिटर पेट्रोलला ३,५०० ते ४,०००. काटा स्थिर ठेवा. वरखाली करत भुर्रभुर्र केलं की सुटताना नेमके किती आरपीएम मिळाले ते कळत नाही. सुटताना हँडब्रेक खाली आणि क्लच झटकन पकडीच्या जागेपर्यंत. तिथे पाय थांबवा. गाडी सरकू लागली की ॲक्सिलरेटर वाढवत न्या आणि क्लचचा उरलेला प्रवास सेकंदा-दीड सेकंदात संपवा. ताशी २५ च्या आसपास डावा पाय पूर्ण बाहेर. क्लचवरून पाय सरळ बाजूला सटकवणं हे ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकं ओढणारी गाडी) किंवा स्लिक (नक्षी नसलेल्या शर्यतीच्या) टायरवाल्यांचं काम, आणि तेही मजबूत शाफ्ट घालून.

काय बिघडलं ते कानाला कळतं. सुटताच आवाज खोल गेला आणि काटा २,००० च्या खाली आला, तर क्लच लवकर संपवलात किंवा रेव्ह कमी होते. पुढच्या धावेला ३०० ते ५०० आरपीएम वाढवा. काटा लिमिटरकडे (आरपीएमच्या कमाल मर्यादेकडे) पळाला आणि गाडी जागच्या जागी, तर टायर फिरतोय. ॲक्सिलरेटर पाव भाग सोडा, क्लच पुन्हा दाबू नका, दाबलात तर इंजिन आणखी पळेल. धडधड ऐकू आली म्हणजे चाक उड्या मारतंय. तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढायचा, ती धाव गेली समजायची. जोर लावून बघण्यात गिअरबॉक्स फुटतो. एका धावेत एकच गोष्ट बदला आणि धावेनंतर मिळणाऱ्या पावतीवरची ६० फुटांची वेळ लिहून ठेवा. रोड टायरवर २.५ सेकंद ही सुरुवात, २.२ म्हणजे हात बसला. पावतीवर ती वेळ नसेल तर जीपीएस लॉगरवर ० ते २० किमी आणि ० ते ६० किमी वेगळं बघा.

सराव रस्त्यावर नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. आयोजित शर्यतीतलं नुकसानही खासगी गाडीचा नेहमीचा विमा भरून देत नाही, तेव्हा ड्राइव्हशाफ्टचे पैसे बाजूला काढूनच या.

दोन धावांमध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडा. परत येताना दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय काढून हळू चालवा. फिरणाऱ्या कव्हरमधून हवा जाते, उभ्या गाडीपेक्षा लवकर थंड होतं. जळका वास एकदा आला आणि गेला तर चालेल. वास राहिला तर मोकळ्या पट्टीवर चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा चढला आणि वेग तिथेच राहिला म्हणजे प्लेट घसरतेय. त्या दिवशी घरी जा. ड्युअल-मास फ्लायव्हील (झटके शोषणारं दोन भागांचं जड चाक) असलेल्या गाडीत, डिझेलमध्ये खास करून, इंजिन बंद करताना खडखड येऊ लागली तर प्लेट बदलताना फ्लायव्हीलही तपासायला सांगा. गॅरेजवाला ‘अजून चालेल’ म्हणाला तरी गिअरबॉक्स एकदा उतरवलाच आहे, तर रिलीझ बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) नवीनच घाला.