‘हिटलर अर्जेंटिनात मेला’ हा दावा कसा तपासावा

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून येतोच. हिटलरने आत्महत्या केलीच नाही, तो पाणबुडीतून अर्जेंटिनाला पळाला. सोबत एक धूसर फोटो, एखादा व्हिडिओ आणि ‘गुप्त कागद उघड’ अशी ओळ. तो लगेच उडवून लावू नका, कारण त्यातल्या दोन-तीन गोष्टी खऱ्या असतात आणि माणूस नेमका तिथेच फसतो.

पहिली पायरी: दाव्याचे तुकडे करा. मृत्यू झाला नाही, कवटी दुसऱ्याची निघाली, पाणबुडी आली, कागद सापडले. ही चार वेगळी विधानं आहेत. एक खरं ठरलं म्हणून बाकीची खरी होत नाहीत.

दुसरी पायरी: हिटलरच्या मृत्यूच्या दिवसाबद्दल काय ठाऊक आहे ते आधी वाचा. ३० एप्रिल १९४५, दुपारी साडेतीनचा सुमार, बर्लिनमधल्या चॅन्सेलरीचा, म्हणजे जर्मन सरकारप्रमुखाच्या कार्यालयाचा बंकर. हिटलर आणि त्याची पत्नी एफा ब्राउन यांचे मृतदेह हिटलरचा खासगी नोकर हाइन्झ लिंगे आणि सहायक ओटो ग्युन्शे यांनी पाहिले. ते बागेत नेऊन पेट्रोल ओतून जाळले. लिंगे आणि ग्युन्शे दोघंही पुढे सुमारे दहा वर्षं सोव्हिएत कैदेत होते. बारीकसारीक तपशिलात साक्षीदारांचं जुळत नाही, पण मूळ हकीकत एकच राहते.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची: दातांकडे जा. मे १९४५ मध्ये सोव्हिएत पथकाला बागेतल्या जळालेल्या अवशेषांत जबड्याचे भाग मिळाले. हिटलरचा दंतवैद्य ब्लाश्के बर्लिन सोडून गेला होता, म्हणून त्याची सहायिका केथे हॉइझरमान आणि दंततंत्रज्ञ फ्रिट्झ एख्टमान यांना गाठलं. जबड्यातले दातांचे पूल (ब्रिज) आणि कृत्रिम दात त्यांच्या ओळखीचे होते. हे हिटलरचेच, असं दोघांनी सांगितलं. १९७३ मध्ये सोग्नेस आणि स्ट्रोम या दंततज्ज्ञांनी हिटलरच्या एक्स-रेंशी तुलना करून तेच म्हटलं. २०१८ मध्ये फिलिप शार्लिए यांच्या फ्रेंच पथकाने मॉस्कोत ठेवलेले दात प्रत्यक्ष तपासून पुन्हा तोच निष्कर्ष काढला. दात खरे बोलतात हे सांगणाऱ्या हॉइझरमान यांना मात्र सोव्हिएत तुरुंगात डांबलं. त्या सुटल्या १९५५ साली. हे वाचताना मला दर वेळी संताप येतो.

चौथी पायरी: अफवा कुठून निघाली ते शोधा. मे महिन्यात ओळख पटलेली असताना ९ जून १९४५ रोजी सोव्हिएत सेनानी मार्शल झुकॉव्हने पत्रकारांना सांगितलं, की मृतदेह ओळखता आलेला नाही, हिटलर विमानाने निसटलाही असेल. पुढच्या महिन्यात पॉट्सडॅममध्ये स्टालिननेही तो स्पेनमध्ये किंवा अर्जेंटिनात असेल, असं अमेरिकी परराष्ट्रमंत्री बर्न्स यांना सुचवलं. म्हणजे ही कथा सुरुवातीला पसरवली ती ज्यांच्या हाती पुरावा होता त्यांनीच. अशाने ब्रिटिशांना स्वतंत्र चौकशी करावी लागली. ते काम ब्रिटिश गुप्तवार्ता अधिकारी आणि इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी केलं आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये मृत्यू झाल्याचंच जाहीर झालं. उरलेले अवशेष १९७० मध्ये केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने जर्मनीतल्या माग्डेबुर्गजवळ जाळून टाकले. या लपवालपवीनेच अफवेला खतपाणी मिळालं.

पाचवी पायरी: कवटीचा मुद्दा वेगळा काढा. २००९ मध्ये हिटलरची म्हणून मॉस्कोत ठेवलेल्या कवटीच्या तुकड्याची तपासणी झाली आणि तो स्त्रीचा असल्याचं अमेरिकी संशोधकांनी सांगितलं. व्हिडिओ इथेच थांबतात. तो तुकडा १९४६ मध्ये सापडला होता. ओळख त्याआधीच दातांवरून पटली होती. कवटी दुसऱ्याची असली तरी दात हलत नाहीत.

सहावी पायरी: कागद शेवटपर्यंत वाचा. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या फाइलींत लोकांनी दिलेल्या खबरा आहेत. खबर नोंदवली म्हणजे ती खरी ठरली असं नव्हे. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या १९५५ च्या कागदात कथित हिटलरचा कोलंबियातला एक फोटो आहे, पण मुख्यालयाने त्यामागे वेळ घालवू नये असंच कळवलं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुढे आला, तेव्हा निदान चौकशी करायला एक माणूस समोर होता. इथे तोही नाही.

पाणबुड्यांचं थोडक्यात: यू-५३० ही जर्मन पाणबुडी जुलै १९४५ मध्ये आणि यू-९७७ ऑगस्टमध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे शरण आल्या, हे खरं. खलाशांच्या चौकश्या झाल्या, हिटलर मिळाला नाही. ज्यूंच्या हत्याकांडाचा एक सूत्रधार आइखमान याच्यासारखे नाझी अर्जेंटिनात लपले, हेही खरं. त्याला १९६० मध्ये तिथूनच पकडलं. म्हणून कथा पटते.

शेवटी उत्तर लिहा, पण मेसेज पाठवणाऱ्या काकांना चारचौघांत खजील करू नका. एवढंच विचारा: ‘काका, कवटीचं कळलं. पण दातांबद्दल या व्हिडिओत काय सांगितलंय?’ मग व्हिडिओ स्वतः पाहा आणि दातांचा उल्लेख कितव्या मिनिटाला येतो, ते टिपून ठेवा.