लग्नाच्या अल्बममध्ये सिलेक्टिव्ह कलर: या चुका टाळा

सगळा फोटो काळा-पांढरा आणि एकच गोष्ट रंगीत, असं एखादं पान लग्नाच्या अल्बममध्ये हवंच असा गिऱ्हाइकांचा आग्रह असतो. माझा त्याला विरोध नाही. पण दुरुस्तीला येणाऱ्या अल्बममध्ये त्याच त्या चुका दिसतात आणि त्यांच्यामागे बहुतेक वेळा घाईच असते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे हळदीच्या फोटोवर एचएसएल (रंगछटा, तीव्रता, उजळपणा) स्लायडर फिरवणं. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ८ रंगांचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) स्लायडर आहेत. पिवळा सोडून बाकीचे ७ उणे १०० वर नेले की झालं काम, असं नवशिक्यांना वाटतं. आपल्या त्वचेचा रंग नारिंगी-पिवळ्याच्या पट्ट्यातच पडतो, हे कोणी बघत नाही. एका स्टुडिओतल्या मदतनीसाने असाच अख्खा हळदीचा कार्यक्रम रात्रीत उरकला. नवरीच्या गालावरची पातळ हळद पिवळी राहिली, पण जिथे ती दाट आणि ओली होती तिथे नारिंगीकडे झुकलेली, म्हणून तिथे करडे डाग पडले. उलट तिच्या आईचे कान, बल्बखाली बसलेल्या काकांचं कपाळ आणि हसणाऱ्या सगळ्यांचे दात मात्र पिवळे! करिझ्मा अल्बम (पुस्तकासारखा छापील अल्बम) छापून घरी पोचला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, पूर्ण रंगाच्या) शाबूत होत्या म्हणून निभावलं. एकेक फोटो हाताने मास्क करून, म्हणजे रंग कुठे ठेवायचा ते आखून, तो माझ्याकडे पुन्हा झाला.

मी फोटोशॉपमध्ये वर ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंट लेयर (मूळ फोटो न बदलता त्यावर बसणारा काळा-पांढरा थर) टाकतो आणि त्याच्या मास्कवर काळ्या ब्रशने हवा तेवढाच रंग उघडतो. ब्रशचा फ्लो (रंग सुटण्याचा वेग) कमी, झूम १०० टक्के. मुंडावळ्यांच्या मोत्यांपाशी वेळ जातो, तर जाऊ दे. त्याच लेयरमधले लाल आणि पिवळ्याचे स्लायडर थोडे वर नेले की चेहरे उजळतात. नुसतं सॅच्युरेशन काढलं की ते मळकट दिसतात. आणि फोटोशॉपमधलं ‘सिलेक्टिव्ह कलर’ नावाचं ॲडजस्टमेंट या कामाचं नव्हे, ते रंगांच्या छटा बदलायला आहे.

हिरवा चुडा हा सगळ्यांचा आवडता विषय आणि तिथेच हात सर्वांत आळशी चालतो. दोन बांगड्यांच्या फटीतून दिसणारं मनगट रंगीतच राहतं. शिवाय काचेच्या बांगड्यांची हिरवी झाक त्वचेवर पडलेली असते. पूर्ण रंगीत फोटोत ती खपून जाते, पण भोवती सगळं करडं झालं की हिरवी कड उठून दिसते. मी मास्क बांगडीच्या कडेच्या किंचित आत थांबवतो आणि फटी एकेक करून बुजवतो. लाल शालूची हनुवटीखाली पडणारी झाकही अशीच तपासा.

आजी-आजोबांना काळं-पांढरं करून गळ्यातला हार रंगीत ठेवू नका. आपल्याकडे तसा फोटो भिंतीवर कोणाचा लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. जिवंत माणसाला अल्बममध्ये तसं दाखवणं मला सहन होत नाही, आणि घरच्यांनाही होत नाही.

फक्त नवरी रंगीत आणि शेजारी नवरदेव करडा, हेही नको.

कॅमेऱ्यातल्या सिलेक्टिव्ह कलर मोडवर विसंबू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या मोडमध्ये रॉ फाइल मिळत नाही, आणि जेपेगमधून काढून टाकलेला रंग परत आणता येत नाही. अंतरपाट पुन्हा धरता येत नाही.

हॉलमधले जांभळे-निळे एलईडी दिवे चेहऱ्यावर असतील तर त्या फोटोत हा प्रयोग करूच नका, पूर्ण काळा-पांढरा करा.

एका अल्बमात असे दोन-तीन फोटो पुरेत.

छापण्याआधी लॅबकडून एक नमुना मागवा. रंगीत कागदावर करडा भाग कधी हिरवट, कधी गुलाबीसर येतो, आणि स्क्रीनवर ते कळत नाही.