बायोमॉलिक्यूल्स घोकू नका, आमसुलं आणि खोबरेल घेऊन बसा

अकरावी-बारावीला बायोमॉलिक्यूल्सचा, म्हणजे सजीवांच्या शरीरातल्या रेणूंचा, चॅप्टर आला की बरीच मुलं प्रोटीन ज्यांनी बनतं त्या वीस अमिनो अॅसिडची नावं पाठ करायला घेतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. माझं म्हणणं, नावं नंतर बघू, आधी एकच सवय लावून घ्या, कुठलाही रेणू समोर आला की विचारायचं, याचा कुठला भाग पाण्यात रमतो, कुठला पाण्यापासून पळतो आणि चार्ज कुठे आहे. कोकणातल्या घरात हे करून बघायला लॅब लागत नाही, सामान स्वयंपाकघरातच असतं.

आधी पाणी. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो म्हणून त्याच्याकडे थोडा निगेटिव्ह आणि हायड्रोजनकडे थोडा पॉझिटिव्ह चार्ज येतो, मग शेजारशेजारचे रेणू एकमेकांना धरतात, तो हायड्रोजन बाँड. त्याची ताकद साधारण 20 किलोज्यूल प्रति मोल, आणि रेणूच्या आतला ओ-एच बाँड 460 च्या आसपास. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पेशीतली बरीच कामं या कमजोर बाँडवरच चालतात, ते पटकन तुटतात नि पटकन जुळतात.

आता तेलं. थंडीत सकाळी खोबरेल बाटलीत थिजतं, 24 अंशाच्या आसपास, आणि शेंगदाण्याचं तेल बाजूलाच पातळ असतं. घरात भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा असेल, पायाच्या भेगांना लावतात तो, तर तोही शेजारी ठेवा, तो भर मे महिन्यातही घट्टच असतो कारण वितळायला त्याला 40 अंशाच्या जवळपास लागतात. तेलं बनतात फॅटी अॅसिडच्या लांब साखळ्यांची. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक अॅसिड, 12 कार्बनची साखळी. भिरंडेलात स्टिअरिक भरपूर, 18 कार्बनची. साखळी लांब तर शेजारणीशी चिकटायला जागा जास्त, हेच ते व्हॅन डर वॉल्स आकर्षण. पण नुसती लांबी बघून चालत नाही हं, शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असलेलं ओलेइक अॅसिडही 18 कार्बनचंच आहे, फक्त मधे एक सिस डबल बाँड (दोन्हीकडची साखळी एकाच बाजूला ठेवणारा) आहे आणि तिथे साखळी वाकते, त्यामुळे साखळ्या एकमेकींना घट्ट लागून बसत नाहीत. स्टिअरिक वितळतं 69 अंशाला, ओलेइक 13 ला! एका बाँडने एवढा फरक पडतो, मला तरी या चॅप्टरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

पुढचा प्रयोग आगळाचा, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाचा, आगळ नसेल तर आमसुलं गरम पाण्यात भिजवून घ्या. काचेच्या ग्लासात लालभडक पाणी घ्यायचं आणि चिमूट चिमूट खायचा सोडा टाकत जायचं, एकदम ओतू नका. आधी फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड, आणि कोकमात आम्ल बरंच असल्याने थोडा वेळ रंग हलतच नाही, मग हळूहळू जांभळट होतो, अजून टाकलात तर निळसर-मळकट. रंगाचा रेणू अँथोसायनिन, आम्लात त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज असतो, आम्ल संपत गेलं की तो प्रोटॉन सोडतो आणि रंग बदलतो. आता लिंबू पिळा, लाली परत येते.

हेच चार्जचं गणित सोलकढीत. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब असतात, त्यांच्याभोवती प्रोटीनचं आवरण आणि त्यावरच्या सारख्या चार्जमुळे थेंब एकमेकांपासून लांब राहतात. आगळ घातलं की पीएच खाली येतो, 4 च्या आसपास नारळाच्या प्रोटीनवरचा निव्वळ चार्ज जवळजवळ शून्य होतो आणि थेंब गोळा व्हायला लागतात, म्हणून ठेवलेल्या सोलकढीत दाट थर वर आणि गुलाबी पाणी खाली. त्यात उकळी आणलीत तर प्रोटीनची घडीही उलगडते आणि कढी फुटते.

स्टार्चसाठी भाताची पेज घ्या, वरचं पातळ पाणी गार करून त्यात आयोडीनचा एक थेंब, गडद निळं. स्टार्चमधल्या अमायलोज नावाच्या लांब साखळीच्या मळसूत्रात आयोडीन अडकतं म्हणून. तेच गरम केलं की रंग उडतो, गार झालं की बऱ्यापैकी परततो. हे नंतर फेकून द्यायचं, प्यायचं नाही.

शेवटी बांगडा. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड असतं, मासा मेल्यावर बॅक्टेरिया त्याचं ट्रायमिथाइलअमीन करतात आणि तो उग्र वास येतो. कोकम किंवा लिंबू लावलं की हा अमीन प्रोटॉन घेतो, चार्ज आला की पाण्यात राहतो, हवेत उडत नाही, वास बसतो. कच्च्या तुकडीवर लिंबू ठेवलंत तर मांस पांढरट होतं, तिथे प्रोटीनची घडी मोडलेली असते, अमिनो अॅसिडना जोडणारे पेप्टाइड बाँड मात्र शाबूत.

पण वास गेला म्हणजे मासा चांगला असं समजू नका. बांगड्यात हिस्टिडीन हे अमिनो अॅसिड बरंच असतं, उन्हात पडून राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करतात, त्याने अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं, आणि ते ना कोकमाने जातं ना शिजवल्याने, त्यामुळे मासा पहिल्यापासून बर्फातच हवा. वहीत हिस्टिडीन काढा, अमिनो ग्रुपच्या कार्बनवरचा कार्बॉक्सिल ग्रुप खोडा आणि तिथे एक हायड्रोजन लिहा, झालं हिस्टामिन.