लग्नाच्या जुन्या डीव्हीडी हार्डडिस्कवर घेताय? या चुका टाळा

मुंबईच्या दमट हवेत घरोघरी कपाटात पडलेल्या लग्नाच्या, मुंजीच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या डीव्हीडी आता हळूहळू जायला लागल्यात, कुणाला बुरशी धरलीय तर कुणाचा डाय (रेकॉर्डिंगचा रंगाचा थर) उडालाय, म्हणून सध्या बरीच मंडळी बॅकअपच्या मागे लागलीत. चांगलंच आहे. पण हँडब्रेक (व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर) उघडला की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "आरएफ (म्हणजे क्वालिटीचा आकडा) किती ठेवू?" अहो, आरएफने फार तर फाइल मोठी नाहीतर लहान होईल, व्हिडिओची वाट लागते ती बहुतेक वेळा फिल्टरमुळे.

त्याच्याही आधीची एक चूक सांगतो. डीव्हीडीतलं व्हिडिओ टीएस फोल्डर उघडायचं, त्यातल्या व्हीओबी (व्हिडिओच्या) फाइली एकेक करून कन्व्हर्ट करायच्या आणि मग जोडाजोडी करत बसायचं, असं करू नका. एक व्हीओबी साधारण १ जीबीच्या पुढे जाऊ द्यायची नाही हा डीव्हीडीचा नियम आहे, म्हणून एकच सलग व्हिडिओ मध्येच कापलेला असतो, मंगलाष्टकं अर्धी या फाइलीत अर्धी त्या फाइलीत, आणि जोडताना आवाज पुढेमागे होतो. सरळ अख्ख्या डिस्कची आयएसओ, म्हणजे एका फाइलीत जशीच्या तशी नक्कल, काढा आणि हँडब्रेकला ती द्या. आणि काम झाल्यावर आयएसओ उडवू नका. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर दोनशेच्या वर बसतात, मग घाई कसली? आयएसओ हाताशी असली की सेटिंग चुकलं तरी परत करता येतं.

आता आरएफचं एकदाचं उरकून टाकू. एक्स२६४ (व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर) वापरत असाल तर डीव्हीडीसाठी १८ ते २२, मला विचाराल तर २० ठेवा आणि विसरून जा. आकडा कमी म्हणजे क्वालिटी जास्त, आणि ६ ने खाली आलात की साइज अंदाजे दुप्पट होते. "मला बेस्टच पाहिजे" म्हणून १० लावणाऱ्यांची फाइल कधीकधी मूळ डीव्हीडीपेक्षा मोठी होते, आणि चित्र मात्र मूळच्या पुढे एक तसूभर जात नाही, जाणार कसं. अजून एक, एक्स२६४ चा २० आणि एक्स२६५ चा २० सारखा नाही, ग्राफिक्स कार्डच्या एन्कोडरचा तर अजूनच वेगळा, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलताना त्याने एन्कोडर कुठला घेतला होता ते बघा. आणि ७०० एमबीत बसवायचा हट्ट सोडा, सीडीचा जमाना गेला.

खरी गोम इंटरलेसिंगमध्ये आहे. लग्नाचं शूटिंग जुन्या टेपच्या कॅमेऱ्यावर झालेलं, म्हणजे पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या (हेच इंटरलेसिंग), म्हणजे हालचाल खरं तर सेकंदाला ५० वेळा टिपलेली आहे. तपासायचं असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये डीइंटरलेस (हे विणकाम सोडवणारा फिल्टर) बंद करा (कीबोर्डवर डी दाबून चालू-बंद होतं), कुणीतरी हात हलवतंय अशा जागी पॉज करा आणि ई दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसले की समजायचं इंटरलेस्ड आहे. नुसत्या मीडियाइन्फोवर (फाइलीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) विसंबू नका, फाइलीवरचा शिक्का इंटरलेस्डचा आणि आतलं चित्र चांगलं प्रोग्रेसिव्ह (न विणलेलं) असंही चिक्कार वेळा असतं.

हे न बघता डीइंटरलेस बंद ठेवून एन्कोड केलं की ते दात कायमचे चित्रात भाजले जातात, नंतर काढायला जाल तर हालत खराब. उलट प्रोग्रेसिव्ह सिनेमावर सगळीकडे डीइंटरलेस मारलं की विनाकारण बारकावे जातात, म्हणून इंटरलेस डिटेक्शन चालू ठेवून डीकॉम्ब हा फिल्टर लावणं बरं, दात असतील तिथेच ते हात घालतं. घरगुती शूटिंगला मात्र मी बॉब हा पर्याय सुचवेन, त्यात दोन्ही क्षण सुटे होऊन ५० फ्रेम मिळतात आणि वरातीतला नाच जसा टीव्हीवर गुळगुळीत दिसायचा तसाच दिसतो. फक्त फ्रेमरेट ५० करायला विसरू नका, हँडब्रेकचा ५७६पी२५ वाला प्रीसेट (तयार सेटिंग) २५ वरच अडवतो आणि मिळवलेल्यातल्या अर्ध्या फ्रेम परत टाकून देतो. सगळं करूनही माणसं दोन पावलं पुढे एक पाऊल मागे अशी थरथरत चालत असतील तर फील्ड ऑर्डर, म्हणजे कुठल्या ओळी आधी तो क्रम, उलटी लागलीय.

दुसरा गुन्हेगार डीनॉइज, म्हणजे चित्रातल्या मुंग्या (नॉइज) पुसणारा फिल्टर. हॉलमधल्या कमी उजेडात शूटिंग केलेलं, चित्रात मुंग्या असणारच, आणि त्या बघवत नाहीत म्हणून लोक एनएलमीन्स हा डीनॉइज फिल्टर स्ट्राँगवर टाकतात. मग काय होतं, अक्षता पडतानाचा सीन बघा: छोटे छोटे दाणे, झपकन जाणारे, फिल्टरला ते नॉइजच वाटतात, त्यामुळे भटजी "सावधान" म्हणतात, सगळे हात वर जातात आणि हवेत काहीच नाही! पैठणीची जर सपाट पिवळा पट्टा होते, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेणासारख्या पुसल्या जातात. लाइट किंवा अल्ट्रालाइटच्या वर जाऊ नका, आणि वरून शार्पन तर अजिबात नको, आधी पुसायचं मग गिरवायचं हा कुठला धंदा.

विकतच्या सिनेमांचं वेगळं. हँडब्रेक कॉपी प्रोटेक्शन तोडत नाही, त्यामुळे त्या डिस्क उघडल्याच नाहीत तर दोष सेटिंगचा नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच सिनेमांच्या डीव्हीडी एनटीएससीत (अमेरिकेकडच्या टीव्ही पद्धतीत) निघाल्यात, त्यातल्या काही पालवरून फिरवलेल्या, पॉज केलं की एकावर एक दोन भुतं दिसतात. त्यावर हँडब्रेकचा कुठलाही फिल्टर चालत नाही, नाद सोडा.

बाकी किरकोळ. सगळं वऱ्हाड अचानक बारीक झालं असेल तर अ‍ॅनामॉर्फिक (चित्र योग्य रुंदीत दाखवणारं सेटिंग) बंद केलंय, ते ऑटोमॅटिक ठेवा, ७२० बाय ५७६ चं चित्र ४:३ मध्ये ७६८ रुंद दिसायला हवं. १०८०पी ला ताणू नका, ते काम टीव्ही स्वतः करतो. एमपी४ टीव्हीवर मुका वाजत असेल तर बहुतेक आत एसी३ पासथ्रू (डीव्हीडीचा मूळ आवाज तसाच) आहे, एएसी प्रकारचा एक आवाजाचा ट्रॅकही जोडा. एडिटिंगमध्ये आवाज घसरत असेल तर कॉन्स्टंट फ्रेमरेट घ्या.

अख्खी डिस्क लावण्याआधी सगळ्यात वाईट सीनचा, म्हणजे रात्रीच्या वरातीचा, मिनिटभराचा तुकडा एन्कोड करून मोठ्या टीव्हीवर बघा. लोकलमध्ये मोबाइलवर सगळंच छान दिसतं.

आणि डिस्क वाचलीच जात नसेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग डीडीरेस्क्यू (खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर) चालवा, ते आधी चांगला भाग उचलतं आणि राहिलेल्याची नोंद ठेवतं, त्यामुळे तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेलं वाचता येतं, लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) यूएसबीवाला ड्राइव्ह मिळून जाईल. टूथपेस्ट लावायचा सल्ला देणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना आयएसओ निघेपर्यंत घरात घेऊ नका.