वैनगंगेच्या काठावरून दाभोळच्या खाडीत जाताना

सर्वांत आधी पिशवीत टाकायचे ते तिथी दाखवणारे कॅलेंडर. धानाचे चुरणे आटोपले की आपले सहा जण कोकणात दाभोळला निघणार, तिथल्या ओळखीच्या तांडेलकाकांच्या (तांडेल म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या) मोटरबोटीने वाशिष्ठीच्या खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत वर जाणार आणि एक मुक्काम करून परतणार. मी दोनदा जाऊन आलो म्हणून हे लिहून देतो. आपण सारे डोंग्यावर वाढलेले, गोसीखुर्दच्या फुगवट्यात इंजिन चालवणारे. पण आपली वैनगंगा एकाच बाजूला वाहते. धरणाचे 33 दरवाजे कमी-जास्त उघडले की पाणी चढते-उतरते आणि भोंगा वाजवून ते आधी कळवतात. खाडी दिवसातून दोनदा भरते, दोनदा ओसरते आणि भोंगा कोणी वाजवत नाही.

म्हणून तिथी. तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे. जो आकडा येतो त्या वाजेला पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार, दुपारची आणि पहाटेचीही. हा हिशेब मुंबईच्या आसपास बसतो. दाभोळला भरती थोडी आधी येते आणि खाडीत जसजसे आत जाल तसतशी उशिरा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडे जास्त लागतात आणि भरती रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून काढा आणि तांडेलकाकांना विचारून पक्की करा.

पाणी सहाही तास सारखे उतरत नाही, हे आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. बारा पायल्या पाणी उतरायचे आहे असे धरा. पहिल्या तासाला एक पायली जाते, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्यालाही तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धे पाणी निघून जाते. पहिल्या खेपेला मी नेमका इथेच फसलो. वाटेत मासे पाहायला थांबलो, पाऊण तास गेला आणि बोट हळूच एका बाजूला कलली. उतरून ढकलावे म्हटले तर पाय मांडीपर्यंत चिखलात. चार तास उन्हात बसलो, पिण्याचे पाणी दोन बाटल्या. चढत्या पाण्यात रुतलात तर पाणीच उचलून देते, उतरत्या पाण्यात रुतलात तर तिथेच राहावे लागते. त्यात पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पूर्ण भरतीला कुठे चढून बसलात तर फार वाईट, कारण पुढच्या भरत्या तेवढ्या उंच येतीलच असे नाही.

ही सारी मांडणी करूनच तारीख अष्टमीजवळची धरली आहे. तेव्हा भांगाची भरती राहते, चढ-उतार कमी, ओढही कमी. दाभोळला ओहोटी दुपारच्या जरा आधी संपेल. पाणी फिरून तासभर झाला की निघायचे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते तिथे प्रत्यक्ष दिसतात. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, म्हणजे वर जाताना वारा आणि पाणी दोन्ही पाठीशी. दुसऱ्या दिवशी सकाळी भरती फिरताच, पाणी सर्वांत जास्त असताना गोवळकोट सोडायचे. जमिनीवरचा मतलई वारा खाली ढकलतो. उतरत्या पाण्यात सुकाणू काकांच्याच हाती, कोणी मधे बोलायचे नाही. खारा वारा जोर धरायच्या आत दाभोळ गाठायचे. बाहेर पडणारी ओहोटी आणि समोरून येणारा वारा मुखाशी भिडले की लाटा उभ्या होतात. सकाळी धुके असेल तर थांबायचे, वेळ गेला तरी चालेल.

डिसेंबर म्हणजे निवांत, असे गृहीत धरू नका. 2017 च्या डिसेंबरातच ओखी चक्रीवादळाने कोकणातल्या बोटी बंदरात परत आणल्या होत्या. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा निघण्याआधी दोन दिवस आणि त्या सकाळी पुन्हा बघा. इशारा असला तर जेटीवरच राहायचे. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्या.

लाइफ जॅकेट सहाच्या सहा, आणि घातलेले. बुडाखाली उशी म्हणून ठेवलेले नको. आपल्याला पोहता येते, हे मला माहीत आहे. 2021 च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून 11 माणसे गेली. 2024 च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायका आपल्याच वैनगंगेत बुडाल्या. मला यावर वाद नको, बाप्पा. पट्टा आवळून दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते सैल आहे. वाशिष्ठीत मगरी आहेत, तेव्हा हात-पाय पाण्यात सोडायचे नाहीत.

इंजिनाचे आपल्याला समजते, पण एक सवय लावा. चालू केल्याबरोबर मागे वळून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार पडते का ते पाहा. धार तुटली किंवा वाफेसारखी झाली तर पाणी ओढायचे तोंड गाळाने बुजले आहे, लगेच बंद. इकडे जलपर्णी अडकते, तिकडे गाळ, प्लास्टिक आणि जाळ्यांचे दोर. पेट्रोलचे तीन वाटे करा: एक जायचा, एक यायचा, एक हात न लावायचा. नांगराचा दोर खोलीच्या पाच-सहा पट, कारण भरती आली की खोली वाढते. परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुऊन द्या. काकांची बोट आहे, खाऱ्या पाण्याने ती खराब व्हायला नको.

बाकी सामान थोडेच. माणशी चार लिटर पाणी, लाखोरीचे वडे, दशम्या, विजेरी, शिटी, टोपी, जाड प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर सर्वांच्या मोबाइलमध्ये, आणि बोटीवर व्हीएचएफ (बोलायचा बिनतारी संच) असेल तर 16 नंबरची वाहिनी कशी लावायची ते काकांकडून शिकून घ्या. निघायची आणि परतायची वेळ घरी एकाला आणि जेटीवर एकाला सांगून ठेवा. गोवळकोटकडे पाणी अचानक वाढलेले दिसले तर घाबरू नका. कोयनेच्या वीज प्रकल्पातले पाणी वाशिष्ठीतच येते. तेवढे मात्र आपल्या सवयीचे आहे.

दाभोळला पोचल्या दिवशी कोणी बोटीत बसायचे नाही. एक वेळूची काठी घेऊन तिच्यावर वीतभर अंतराने सुतळी बांधायची, जेटीच्या पायरीशी उभी करायची आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत दर तासाला कोणती सुतळी बुडाली, कोणती उघडी पडली ते वहीत लिहायचे. वही मी आणतो, सुतळी तुम्ही घ्या.