क्लाउडचं मीटर आधी समजून घ्या: छोट्या स्टार्टअपनी या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर बनतं. कुणाचा किती माल आत आला, सौद्याला किती गेला, भाडं किती झालं, हा सगळा हिशोब. पहिल्या वर्षी चाचणीसाठी क्लाउडवर एक मशीन आणि एक डेटाबेस घेतला. काम झाल्यावर दोन्ही बंद केले आणि विसरून गेलो. तीन महिन्यांनी कार्डाचं स्टेटमेंट नीट वाचलं तेव्हा कळलं, पैसे जातच होते. कुणी फसवलं नव्हतं, मीटर कसं चालतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आता कुणी नवी मुलं सल्ला विचारायला आली की मी कोडच्या आधी बिल उघडायला सांगतो.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधलं मशीन, डिस्क, डेटाबेस तासाच्या हिशोबानं भाड्यानं घेणं. अ‍ॅमेझॉननं 2006 मध्ये एस-थ्री (फाइल साठवायला) आणि ईसी-टू (मशीन भाड्यानं घ्यायला) या सेवा सुरू केल्या आणि सर्व्हर विकत घेण्याएवढं भांडवल नसलेल्यांचीही सोय झाली. आमच्यासारख्या हंगामी धंद्याला तर ही व्यवस्था चपखल बसते. उन्हाळ्यात माल यायला लागला की मोठं मशीन, पावसाळ्यात लहान.

बंद केलं, तरी बिल येतंय

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मशीन ‘स्टॉप’ केलं की प्रोसेसर आणि मेमरीचं भाडं थांबतं. पण त्याची डिस्क तुमच्याच नावावर राहते आणि तिचं भाडं दर जीबीमागे चालू असतं. जुने स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या त्या वेळच्या प्रती, साठलेले असतील तर त्यांचंही. कायमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा मशीनचा नंबर) घेऊन ठेवला असेल तर त्याचंही. एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-4 पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो, म्हणजे महिन्याला साधारण 3.6 डॉलर. एका पत्त्याचं काही वाटत नाही, पण चाचणीसाठी घेतलेले पाच पत्ते पडून राहिले की दिसायला लागतं.

डेटाबेसची गोष्ट वेगळी आहे. एडब्ल्यूएसच्या आरडीएस या सेवेतला डेटाबेस थांबवला तरी सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू होतो. शेतातल्या पंपाला ‘ऑटो’ लावलेला असतो ना, तसंच. लाइट आली की मोटर सुरू, मालक गावात असो की पुण्यात. आमचे पैसे मुख्यतः इथेच गेले. काम खरंच संपलं असेल तर शेवटचा स्नॅपशॉट घ्या आणि डेटाबेस काढून टाका. मशीनच्या बाबतीत ‘टर्मिनेट’ करा. त्यानंतरही डिस्कची यादी उघडून बघाच, कारण मूळ डिस्क सहसा मशीनबरोबर जाते, पण वरून जोडलेल्या डिस्क मागे राहतात.

मशीन दिसतच नाही

घाबरलेल्या आवाजात येणारा हा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. मशीन कुठेही गेलेलं नसतं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात रीजन, म्हणजे डेटा सेंटरचा प्रदेश, वेगळा निवडलेला असतो. मशीन व्हर्जिनियात आणि तुम्ही बघताय मुंबईत. याचीच दुसरी बाजू म्हणजे चुकून दुसऱ्या रीजनमध्ये सुरू केलेलं मशीन कुणालाच दिसत नाही आणि बिल वाढत राहतं. म्हणून बिलाचं पान रीजनवार फोडून बघायची सवय लावा.

गिऱ्हाईक सांगली, तासगाव, कवठेमहांकाळचं असेल तर मशीन भारतातच घ्या. अमेरिकेत जाऊन परत येणारी प्रत्येक विनंती जाणवण्याइतकी रेंगाळते आणि वजनकाट्याजवळ उभा असलेला माणूस वैतागतो. एडब्ल्यूएस मुंबईत 2016 पासून आणि हैदराबादला 2022 पासून आहे. मायक्रोसॉफ्टचं अझ्युर 2015 पासून पुण्यात, गूगल क्लाउड 2017 पासून मुंबईत. पर्याय भरपूर आहेत.

रात्री मशीन थांबवून सकाळी सुरू केलं आणि साइट उघडत नाही, ही तक्रारही नेहमीची. थांबवून सुरू केल्यावर सार्वजनिक आयपी बदलतो आणि तुमचं डोमेन जुन्याच पत्त्यावर बोट दाखवत राहतं. इथे कायमचा पत्ता घेणं योग्य, त्याचे पैसे सार्थकी लागतात.

फुकटाची मुदत

‘वर्षभर फुकट’ हे जुन्या व्हिडिओत ऐकलेलं धरून चालू नका. एडब्ल्यूएसनं 15 जुलै 2025 पासून नव्या खात्यांसाठी पद्धत बदलली. सुरुवातीला 100 डॉलरचं क्रेडिट, ठरावीक कामं पूर्ण केली तर आणखी 100 पर्यंत. फुकटची योजना सहा महिन्यांत किंवा क्रेडिट संपलं की संपते, जे आधी होईल ते. पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा. आम्ही ठरलेल्या रकमेच्या निम्म्यावर एक आणि ऐंशी टक्क्यांवर एक असे दोन लावतो. अलर्ट म्हणजे फक्त ईमेल, तो आपणहून काही बंद करत नाही. ईमेलही लगेच येत नाही, काही तास मागे असतो. खात्यात जीएसटी क्रमांक भरायला विसरू नका, नाहीतर बिलावरच्या 18 टक्के जीएसटीची वजावट हातची जाते.

किल्ली गिटहबवर गेली

क्लाउडची अ‍ॅक्सेस की, म्हणजे खातं उघडणारी किल्ली, कोडमध्ये लिहिली आणि तो कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) सर्वांसाठी खुला केला, तर ती शोधणारे प्रोग्राम काही मिनिटांत पोहोचतात. मग तुमच्या खात्यावर भलत्याच देशातल्या रीजनमध्ये मोठमोठी मशीन क्रिप्टो खणायला लागतात. अशा वेळी कोड डिलीट करण्यात वेळ घालवू नका, जुन्या कमिटमध्ये (कोडच्या आधीच्या नोंदींत) किल्ली तशीच असते. आधी ती की निष्क्रिय करा. मग एकेक रीजन उघडून अनोळखी मशीन काढा, नवे वापरकर्ते तयार झालेत का बघा आणि लगेच सपोर्टला तिकीट टाका. मूळ खात्याला दुहेरी पडताळणी आजच लावा आणि रोजच्या कामाला ते खातं वापरू नका. डेटाबेसचा पोर्ट (बाहेरून जोडायचं दार) सगळ्या जगाला उघडा ठेवणं हीदेखील याच जातीची चूक.

बारा गिऱ्हाइकांसाठी कुबरनेटिस नको

एडब्ल्यूएसवर कुबरनेटिसचा (अनेक मशीनवर प्रोग्राम चालवून सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) एक क्लस्टर नुसता उभा ठेवायला तासाला 10 सेंट, म्हणजे महिन्याला 73 डॉलरच्या आसपास लागतात, त्यावर एकही मशीन चालत नसताना. सुरुवातीला एक मशीन, एक डेटाबेस पुरे. मात्र 1 जीबी मेमरीच्या मशीनवर मायएसक्यूएल हा डेटाबेस मध्येच बंद पडत असेल तर कोडला दोष देण्याआधी मेमरी बघा. मेमरी संपली की लिनक्स सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम मारतो आणि तो बहुधा डेटाबेसच असतो. स्वॅप (डिस्कचा थोडा भाग मेमरीसारखा वापरणं) लावून वेळ निभावते, कायमचा उपाय 2 जीबीचं मशीन.

बॅकअप

2005 च्या महापुरात हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरून हळद गेली. 2019 ला पुन्हा पाणी आलं. एकाच ठिकाणी सगळं साठवण्याचा धोका सांगलीकरांना शिकवायला नको. तरी क्लाउडवर गेल्यावर आपण तोच धोका पत्करतो: डेटाबेस आणि बॅकअप एकाच खात्यात, एकाच रीजनमध्ये. खातं हातचं गेलं तर दोन्ही गेलं. एक प्रत दुसऱ्या खात्यात किंवा दुसऱ्या कंपनीकडे ठेवा.

आणि ती प्रत उतरवून बघा. आम्ही पहिल्यांदा बॅकअप नव्या मशीनवर चढवला तेव्हा आकडे बरोबर आले, पण प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं होती. डम्प, म्हणजे डेटाबेसची फायलीतली प्रत, घेताना अक्षरसंच चुकीचा लागला होता, त्यामुळे त्या फायलीतून मराठी परत मिळणार नव्हतं. जुनं मशीन अजून चालू होतं म्हणून निभावलं. अक्षरसंच यूटीएफ-8-एमबी-4 ठेवून त्याच रात्री नवा डम्प घेतला आणि सकाळी सगळ्यात आधी तासगावच्या स्टोरेजची यादी उघडून नावं एकेक करून वाचली.